उजवीकडून वाचायची ओळ

भिंगांच्या कारखान्यात चांगलं भिंग कोणतं आणि टाकाऊ कोणतं, हे एक ओळ ठरवायची. संगणकाच्या एका जुन्या भाषेतली एकच ओळ: त्रिकोण, बाण, वर्तुळं, तिरप्या रेघा आणि मधूनच एखादा आकडा. ती सासऱ्यांनी निवृत्त होण्याआधी लिहिली होती. आता त्यांच्या खुर्चीवर त्यांची सून बसत होती.

"ही माणसांनी वाचायची गोष्टच नाही," भर बैठकीत ती बोलून गेली. "आठवड्यात सरळ भाषेत लिहून देते."

मॅनेजरबाईंनी ते लगेच टिपून घेतलं. नव्या नोकरीत दिलेला हा तिचा पहिलाच शब्द. घरी मात्र तिने तोंडाला कुलूप लावलं.

सहा दिवसांत दोनशे बारा ओळींचा प्रोग्राम उभा राहिला. नावं सुटसुटीत, टिपा जागोजागी. तपासणीसाठी तिने साठ उत्तम भिंगांची मापं त्यात घातली, तर पठ्ठ्याने त्यातली अकरा टाकाऊ ठरवली. तिने सगळ्या ओळी तीनदा चाळल्या. एकेक ओळ कशी शहाण्यासारखी दिसत होती. आणि बैठक दुसऱ्याच दिवशी!

संध्याकाळी सासरे स्वयंपाकघरात मटार सोलत होते. तिने जुन्या ओळीचा कागद पुढे केला.

"अरे वा, आमची ओळ! हिला घालवताय म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं, बाबा?"

"फोरमनने. त्याच्या पोटात काही राहतं का? बोल, अडलं कुठे? वाच बघू."

"मोजलेली जाडी, वजा आराखड्यातली जाडी, वजा पॉलिशमधली झीज..."

"थांब. दहा वजा पाच वजा दोन किती?"

"तीन."

"इथे सात. ही भाषा उजवीकडून चालते गं. आधी पाचातून दोन घालव, मग उरलेले दहातून. झीज आराखड्यातल्या जाडीतून वजा करायची. तू ती बिचाऱ्या भिंगाच्या माथी मारलीस."

ती कपाळावर हात मारून हसली. "मग ओळच ठेवा म्हणू?"

"मला काय विचारतेस? उद्या वाचून दाखव. कोणाला कळली नाही, तर खुशाल फेक."

बैठकीत ती उभी राहिली. "मी शब्द मागे घेते. ओळ वाचता येत नाही असं म्हणाले होते. मला वाचता येत नव्हती."

मॅनेजरबाईंच्या भुवया वर गेल्या. तिने ओळ फळ्यावर लिहिली आणि उजव्या टोकापासून एकेका चिन्हावर बोट ठेवत वाचू लागली. मध्येच फोरमन म्हणाला, "ताई, हे दोन बाण कसले?"

"भिंगाच्या कडेची मापं सोडून देतात."

"सोडतात? अहो, कडा वेड्यावाकड्या यायच्या त्या जुन्या यंत्रावर, मग त्या छाटूनच टाकायचो! नवं यंत्र कडेपर्यंत साफ कापतं. म्हणजे कडेला बिघडलेली भिंगं आपण डोळे मिटून पास करतोय की!"

तिने दोन्ही बाण आणि त्यांचे आकडे पुसले.

"झालं?" मॅनेजरबाईंनी विचारलं.

"झालं."

"आणि तुमच्या दोनशे बारा ओळींत हे कुठे बदलायचं?"

"ते शोधायला दुपारपर्यंत वेळ द्या," ती म्हणाली. फोरमन खो खो हसला.

"राहू द्या," मॅनेजरबाई खुर्ची फळ्याजवळ ओढत म्हणाल्या. "आधी पुढचं चिन्ह काय करतं ते सांगा."