राहीबाईच्या तीन चुली

बोरवाडीला गाव व्हायचं होतं. आजवर कागदोपत्री ती ओढ्यापलीकडच्या मोठ्या गावची वाडीच होती. शाळा तिकडं, रेशनचं रॉकेल तिकडं, आणि पावसाळ्यात ओढा भरला की वाडीनं अंधारात बसायचं. लढाई संपली त्या वर्षी अर्ज गेला आणि साताऱ्याहून निरोप आला, की सर्कलसाहेब येऊन वस्ती मोजतील.

झालं! पलटणीतून नुकताच परतलेला सयाजी पारावर बसून सगळ्यांना शहाणं करायला लागला. "सरकार चुली मोजतंय गड्या. कमी भरल्या तर वाडी ती वाडीच ऱ्हाती." बोटीनं परदेश बघून आलेला माणूस; त्याच्यापुढं कोण बोलणार?

अडचण होती राहीबाईच्या घराची. तीन मुलगे, तीन सुना, नातवंडांचा कालवा आणि चूल एकच. वाडीनं म्हातारीच्या हातापाया पडून तिथं तीन चुली मांडायला लावल्या.

राहीबाई हो म्हणाली खरी, पण तिला वेगळीच धास्ती होती. थोरली सून शालूबाई वेगळं निघायचं म्हणून केव्हाची कुरकुरत होती. आता आयतीच चूल मिळाली, ती कशाला मोडेल? शालूबाईनं गोठ्याशेजारी मोठ्या झोकात चूल लिंपली, ते बघून राहीबाईनं गुपचूप डोळ्याला पदर लावला.

सर्कलसाहेब आले ते ऐन जेवणवेळी. सयाजीनं त्यांना आधी शालूबाईच्या चुलीपुढं उभं केलं.

"घरात माणसं किती?" साहेबांनी विचारलं.

"धनी, मी आन दोन पोरं," शालूबाई म्हणाली.

साहेबांची नजर टोपल्यावर गेली. भाकऱ्यांची चळत पार काठाच्या वर आली होती. "चौघांना एवढ्या?"

शालूबाईनं टोपल्याकडं बघितलं आणि जीभ चावली. रोजच्या सवयीनं तिनं सगळ्या घराच्या भाकऱ्या थापल्या होत्या. मधलीपुढं तशीच चळत. धाकटीचं कालवणाचं पातेलं तर लग्नघरात शोभावं असं. साहेबांना हसू आवरेना. सयाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

राहीबाई हात जोडून पुढं झाली. "चुकलं साहेब. घर एकच हाय आमचं. पर त्यापायी वाडीचं वंगाळ करू नगा."

"आजी, मी माणसं मोजायला आलोय. चुलींचं कोणी सांगितलं?"

सगळ्यांच्या माना सयाजीकडं वळल्या. सयाजी आपल्या बुटांकडं बघत राहिला.

साहेबांनी दारोदार फिरून माणसं मोजली. "गाव व्हायला पुरेशी आहेत. तसंच लिहून देतो," असं ते म्हणाले, तेव्हा सगळ्या वाडीचा जीव भांड्यात पडला. कुणीतरी सयाजीलाच खांद्यावर उचललं.

राहीबाई मात्र घरात येऊन जुन्या चुलीपाशी बसली. वाडीचं भलं झालं, आपल्या घराचं काय, हे विचारायचं तिला धाडस होईना. तेवढ्यात शालूबाई टोपलं घेऊन उंबऱ्यात आली.

"आत्याबाई, चौघांच्या भाकऱ्या थापाय बसले, तर हातच थांबंना. पोरांचा दंगा न्हाई, काय न्हाई. लय सुनं वाटलं बगा." तिनं टोपलं खाली ठेवलं. "वाडी येगळी झाली तेवढं बास हाय. सरका, बसू द्या."

राहीबाई सरकली. मग उठून तिनं स्वतःच पोरांना जेवायला हाका मारल्या.