घड्याळजीचा कान आणि माझं पोट

मित्रांनो, या विश्वात जे जे म्हणून घुमतं, ते ते आतून पोकळ असतं. घंटा पोकळ, गुहा पोकळ, आणि ज्या आकाशात वीज कडाडते तेही पोकळच. भरीव वस्तूंनी जगाला भिंती दिल्या, पण नाद दिला तो पोकळीनं! मी एक जुनी पोकळ गिटार आहे. हे थोर विचार मी ज्या जागेवरून मांडते आहे, तिच्या एका बाजूला छत्री टांगलेली आहे आणि दुसऱ्या बाजूला गेल्या वर्षीचं कॅलेंडर. छत्रीला निदान पावसाळ्यात बाहेर काढतात.

माझ्या जातीला आर्चटॉप म्हणतात. साध्या गिटारीची पुढची फळी सपाट असते. आमची घुमटासारखी मधोमध फुगलेली असते. माझी फळी माझ्या कारागिरानं जाड लाकूड तासून तासून काढली. तो चार कीस काढायचा, बोटाच्या पेरानं टकटक करायचा, मान तिरकी करून ऐकायचा आणि पुन्हा चार कीस काढायचा. एक पापुद्रा जास्त निघाला तर फळी फुटते, एक कमी निघाला तर ती मुकी राहते. त्याला नेमकी मधली जागा सापडली. मग त्यानं व्हायोलिनला असतात तशी दोन वळणदार भोकं माझ्या फळीला पाडली आणि डाव्या भोकातून आपल्या नावाची चिठ्ठी आत चिकटवली. माझ्या पोटात गेलेली ती पहिली वस्तू. तीच शेवटची ठरली असती, तर माझं आत्मवृत्त आनंदाचं झालं असतं. कंटाळवाणंही झालं असतं म्हणा.

कामाची वर्षं मी एका संगीतशिक्षकाकडे काढली. खोली लहान, शिष्य दोन, आणि श्रोता म्हणजे खिडकीत बसणारं मांजर. ते उठून जात नसे, यालाच मी वाहवा समजले. मास्तर गेल्यावर त्यांच्या भाच्यानं मला वाद्यांच्या दुकानात आणून ठेवलं. तिथं मी खुंटीला लटकून किती वर्षं काढली, ते माझ्यावरच्या धुळीला विचारा.

एके दिवशी दुपारी दुकानात एक घड्याळजी आला. सोबत बायको होती. त्याचं वय अठ्ठावन्न, चष्मा कपाळावर आणि उजवा कान किंचित पुढं आलेला. तीस वर्षं तो घड्याळं कानाशी धरून त्यांची दुखणी ओळखत होता. विशीपासून तो गिटारही वाजवत होता, पण एकटाच, स्वयंपाकघरात, कुकरच्या दोन शिट्यांमध्ये जेवढं बसेल तेवढं. माणसांबरोबर बसून वाजवायचं त्याच्या नशिबी कधी आलं नव्हतं. आणि आता अचानक आलं होतं. त्याचा मेव्हणा एका हॉटेलातल्या जॅझच्या चौकडीत ड्रम वाजवत असे. चौकडीतला गिटारवाला गाव सोडून गेला होता, आणि मेव्हण्यानं शब्द टाकला होता. शनिवारी परीक्षा होती. त्यासाठी हवी होती जॅझला शोभेल अशी पोकळ गिटार.

दुकानात तशा दोघीच होतो. एक मी, दुसरी प्लायवुडची.

"घरी वाजवणार की स्टेजवर?" दुकानदारबाईंनी विचारलं.

"स्टेजवर," घड्याळजी म्हणाला आणि हे कोण बोललं म्हणून त्यानं मागं वळून पाहिलं.

"ड्रम असणार?"

"हो, आमचा मेव्हणाच आहे ड्रमवर."

"मग डोळे मिटून ही प्लायवुडची न्या. हिची फळी जाड, थराथरांची. आवाज साधा आहे, पण अ‍ॅम्प्लिफायरला लावली की शहाण्यासारखी वागते. ती कोरीव फार हळवी. ड्रमच्या वर आवाज चढवलात की कोकलते."

"शहाणीच बरी," बायको म्हणाली. "हळवं एक माणूस घरात आहेच."

घड्याळजीनं आधी प्लायवुडची वाजवली. मान सरळ आहे का ते एका डोळ्यानं पाहिलं, पडद्यांवरून बोट फिरवलं, खुंट्या पिळून पाहिल्या. सगळं ठीक होतं. मग त्यानं मला खाली काढलं, रुमालानं पुसलं आणि म्हणाला, "बाई, पंखा जरा बंद करता?"

पंखा थांबला. त्यानं एकदाच सहाही तारा छेडल्या आणि माझ्या खांद्यावर कान टेकवला. मित्रांनो, तो आवाज पार विरून जाईपर्यंत तो तसाच बसून राहिला. मास्तरही असे कधी बसले नव्हते.

"हिच्यात आहे," तो म्हणाला.

"काय आहे?" बायकोनं विचारलं.

"तेच सांगता येत नाही."

बायकोनं एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "घ्या मग. तीस वर्षं दुसऱ्यांचीच घड्याळं कानाला लावलीत. एकदा स्वतःसाठी काहीतरी लावा."

दुकानदारबाईंनी पावती फाडली. त्यांनी पंखा पुन्हा चालू केला. त्या पंख्याच्या घरघरीत जी गिटार ऐकायला हवी होती, ती त्यानं पंखा बंद करून निवडली होती. घड्याळजीच ही चूक करू शकतो. त्याचं सगळं आयुष्यच शांततेत कान लावण्यात गेलेलं.

शनिवारी दुपारी आम्ही हॉटेलात पोचलो. जेवणाच्या दालनात खुर्च्या टेबलांवर उलट्या घातल्या होत्या. चौकडीचा म्होरक्या सॅक्सोफोनवाला होता. तो तुटक बोलायचा. श्वास त्याला वाद्यासाठी राखून ठेवायचा असावा.

"बसा. सूर लावा. दोन, तीन, चार."

पहिल्या चार ओळी मी अशी वाजले, की मेव्हण्यानं ड्रमवरून डोळा मारला. मग सॅक्सोफोनवाला म्हणाला, "ऐकू येत नाही. वाढवा." घड्याळजीनं अ‍ॅम्प्लिफायरचं बटण फिरवलं. त्याबरोबर अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज माझ्या पोटात शिरला, माझी पातळ फळी थरथरली, ती थरथर पुन्हा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये गेली आणि दुप्पट होऊन परत आली. आपलाच आवाज ऐकून आणखी चढ्या आवाजात बोलायचं, हा आजार सभेतल्या वक्त्यांना होतो तसा मला झाला. मी जी कोकलले, की स्वयंपाकघरातून आचारी हातात झारा घेऊन धावत आला.

"काय कापताय इथं?" त्यानं विचारलं.

घड्याळजीच्या कपाळावरचा चष्मा घामानं नाकावर आला. त्यानं बूट काढले, पायांतले दोन्ही मोजे काढले आणि माझ्या दोन भोकांत एकेक कोंबला. ही जुन्या वाजवणाऱ्यांची युक्ती आहे. पोट भरलं की कोकलणं कमी होतं. कमी झालं, पण थांबलं नाही.

"पाच मिनिटं थांबू," सॅक्सोफोनवाला म्हणाला आणि बाहेर गेला. घड्याळजी तोंड धुवायला गेला, अनवाणीच.

आता पुढचं नीट ऐका, कारण हे मी आणि मेव्हणा सोडून कुणालाच माहीत नाही, आणि मेव्हणा विसरला आहे.

मेव्हणा मनाचा फार चांगला. जगातली निम्मी नासधूस अशीच माणसं करतात. त्यानं स्वतःचा उजवा बूट काढला, करडा लोकरी मोजा ओढला, त्याची घट्ट गुंडाळी केली आणि डाव्या भोकातला मोजा जरा बाजूला सारून ती आत घातली. वर ड्रमच्या काडीनं ढोसढोसून पार आत सरकवली. तारा ज्या लाकडी घोडीवर टेकतात, बरोबर तिच्या खाली, माझ्या फळीच्या आणि पाठीच्या मध्ये ती पाचरीसारखी रुतली.

"आता बघू कशी ओरडते," तो म्हणाला. मग त्यानं बूट चढवला आणि दाजींची वाट पाहत बसला.

पुन्हा वाजवायला सुरुवात झाली. मी कोकलले नाही.

"ओरडायची थांबली," सॅक्सोफोनवाला म्हणाला. मेव्हण्याचा चेहरा फुलला. "वाजायचीही थांबली," सॅक्सोफोनवाला म्हणाला. "पत्र्याच्या डब्यासारखी लागतेय. बघतो. कळवतो."

कळवतो म्हणणाऱ्या माणसांनी आजवर कुणाला काही कळवलेलं नाही. महिनाभरानं मेव्हण्याकडूनच समजलं, की ती जागा एका दातांच्या डॉक्टरीणबाईंना मिळाली. त्यांच्याकडे प्लायवुडची गिटार होती. शहाण्यासारखी वागते म्हणे.

इथवरचं दुःख कुणालाही पचलं असतं. खरी गोष्ट पुढं आहे.

परीक्षेच्या संध्याकाळीच घड्याळजीनं चिमट्यानं आपले दोन्ही मोजे काढून धुवायला टाकले. मग दारं-खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला, तारा छेडल्या आणि माझ्या खांद्यावर कान टेकवला. आवाज आला तो उशीवर थापटी मारल्यासारखा. त्यानं नव्या तारा घातल्या. घोडी केसभर पुढं सरकवली, केसभर मागं आणली. डोळ्याला भिंग लावून त्यानं माझ्या डाव्या भोकातून आत पाहिलंसुद्धा. त्याला कारागिराची चिठ्ठी दिसली. ती त्यानं मोठ्या आदरानं वाचली आणि भिंग काढून ठेवलं. चिठ्ठीपासून चार बोटांवर मोजा होता. घड्याळाला मागं झाकण असतं, ते उघडता येतं. मला झाकण नाही.

"मग मी दुकानात ऐकलं ते काय होतं?" त्यानं बायकोला विचारलं.

"मीही ऐकलं होतं हो. होतं तिच्यात काहीतरी."

"काय होतं?"

"ते सांगता येत नाही."

"मग दोघांचेही कान गेले," तो म्हणाला आणि मला त्याच्या कामाच्या खोलीतल्या या खिळ्याला टांगून टाकलं.

मित्रांनो, त्या दिवसापासून त्यानं गिटारच नाही, कानही वापरायचा सोडला. पूर्वी गिऱ्हाईक घड्याळ पुढं करायचं, हा ते कानाशी धरायचा आणि सांगायचा, "पडलं होतं ना, जिन्यावरून?" गिऱ्हाईक जिन्यासकट चाट पडायचं. आता त्यानं टिकटिक मोजणारं एक यंत्र आणलं आहे. घड्याळ त्यावर ठेवायचं, आकडा वाचायचा. कुणी जुन्या सवयीनं "कानाला लावून बघा की" म्हणालं, तर तो म्हणतो, "कानाचा काय भरवसा!" हे तो माझ्याकडे न बघता म्हणतो. त्याचा कान बरोबर होता, हे सांगू शकेल असा एकच साक्षीदार या खोलीत आहे, आणि त्याच्या घशात मोजा अडकला आहे.

मेव्हणा अधूनमधून येतो. चहा पितो, भिंतीकडे बघतो.

"दाजी, वाजवत का नाही हो?"

"आवाज गेला तिचा."

"अरेरे. वाईट झालं," मेव्हणा मनापासून म्हणतो आणि दुसरं बिस्किट उचलतो. दर वेळी मला वाटतं, आता त्याला आठवेल. आता तो आपल्या पायाकडे बघेल. तो बशीकडे बघतो. बशी रिकामी झाली की निघून जातो, आणि मी छत्री आणि कॅलेंडर यांच्यामध्ये पुढच्या बिस्किटांची वाट बघत राहते.

म्हणून, मित्रांनो, एखादी वस्तू मुकी झाली, तर ती मेली असं म्हणण्याआधी, आणि स्वतःच्या कानाला दोष देण्याआधी, दिवा लावून तिच्या आत नीट बघत जा. चिठ्ठीपाशी थांबू नका, चार बोटं पुढं बघा. घड्याळजी बघेल, अशी आशा मी सोडली आहे. तो दिवसभर आकडे वाचतो.

पण तुमच्यापैकी कुणी कधी त्याच्याकडे घड्याळ घेऊन गेलंत, आणि तो चहा टाकायला आत वळला, तर टेबलावरचा लांब चिमटा उचला आणि तेवढा मोजा ओढून काढा. माझा आवाज परत आला नाही तरी चालेल. मेव्हणा त्या दिवशी हॉटेलपर्यंत पायी आला होता, वास तेवढा जाऊ द्या.