म्युझियममधली ओटी

बिल्डिंगमधल्या बायकांना एका दिवसात मुंबईची दोन म्युझियमं दाखवायचं नीलाने ठरवलं, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, तोंडासमोरचा पेपर न हलवताच अट घातली. "सोबत पुरुषमाणूस नाही. एवढासा जरी गोंधळ झाला, तरी ही सहल पहिली आणि शेवटची."

"चालेल," नीला म्हणाली.

साल सत्त्याऐंशी, श्रावणातला शुक्रवार. त्या काळी डोंबिवलीच्या बायका मुंबईला जायच्या त्या लग्नाचा बस्ता बांधायला, नाहीतर कुणाला हॉस्पिटलात बघायला. नुसतं हिंडायला कोण जातंय? पण नीलाने गाडी, बस, डबे खायची जागा, सगळं स्वतः चौकशी करून ठरवलं होतं. भायखळ्याचं म्युझियम सकाळीच बिनबोभाट पार पडलं. दुपारी बायका फोर्टातल्या मोठ्या म्युझियमात शिरल्या.

दगडी मूर्तींच्या दालनाशी सासूबाई, सरस्वतीबाई, थबकल्या आणि त्यांनी चपला काढल्या. झालं! मागच्या साऱ्याजणींनी काढल्या. देवळाबाहेर असावी तशी दाराशी चपलांची रांग लागली.

"आई, अहो, हे देऊळ नाही," नीला कुजबुजली.

"देव आहेत ना आत? मग?"

महिषासुराला पायाखाली घेतलेल्या देवीपुढे त्या उभ्या राहिल्या. पिशव्या बाहेर काउंटरवर ठेवून घेतल्या होत्या, पण सरस्वतीबाईंच्या पदराखालून खण निघाला, नारळ निघाला, तांदळाची पुरचुंडीही निघाली.

"ओ आजी!" पहारेकरी धावत आला. "मूर्तीला हात नाय लावायचा. ओटीबिटी इथे चालत नाय. साहेबांना बोलवू काय?"

साहेब येणार, बाहेर काढणार, आणि संध्याकाळच्या आत ते अख्ख्या बिल्डिंगला कळणार. नीला पुढे झाली. "साहेबांना कशाला? आम्ही मूर्तीला हात लावत नाही. आई, चला."

"थांब गं. श्रावणातल्या शुक्रवारी देवीसमोरून ओटी परत न्यायची?" सरस्वतीबाईंनी पहारेकऱ्याकडे मान वळवली. "देवीला हात लावायचा नाही, बरं. ही माझी सून. हिला लावायला परवानगी कोणाची लागते?"

पहारेकऱ्याला हसू आवरेना. "तांदूळ सांडू नका म्हणजे झालं."

"पदर पसर, नीला. सवाष्ण आहेस, तुझ्या ओटीत घातलं की तिला पोचलं. आणि इथवर आणलंस तू, तुझा मानच आहे."

देवीच्या समोर, काचेच्या कपाटांच्या मधोमध नीलाची ओटी भरली गेली. एक दाणा खाली पडला नाही. मग बायकांनी वरचे दोन्ही मजलेही पालथे घातले, अनवाणीच.

दिवेलागणीला घरी पोचल्यावर अण्णांनी विचारलंच, "काय, झाला ना गोंधळ?"

नीला तोंड उघडणार तोच सरस्वतीबाई म्हणाल्या, "झाला की. मी केला. हिने निस्तरला. गणपती झाले की परत निघतोय आम्ही. तेवढं ताट वाढून घ्यायला शिकून ठेवा."