धवलेरीच्या गाण्यातली सात नावे

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. वयाने तुमच्या आईबाबांच्या बरोबरीचा असेन. सध्या माझा मुक्काम कतारमधल्या दोह्यात आहे, अल मन्सूरा भागातल्या एका फ्लॅटमध्ये, टीव्हीखालच्या कपाटाच्या शेवटच्या कप्प्यात. शेजारी एक बंद पडलेला राउटर आहे. आमचे बोलणे होत नाही. कसे वाटते म्हणून विचाराल, तर काहीच वाटत नाही.

कारखान्यातले दिवस मला आठवत नाहीत. पहिली आठवण आहे ती नाशिकच्या आसावरीबाईंची. त्या कॉलेजात शिकवत आणि आदिवासी बायकांच्या गाण्यांवर प्रबंध लिहीत. इतिहास लिहिणाऱ्यांनी बायकांची नावे गाळली, असे त्या तावातावाने सांगत. समोरच्या माणसाचा चहा गार होई, पण बाई थांबत नसत.

१९९१ साली मला खांद्याला अडकवून त्या जव्हारकडच्या एका वारली पाड्यावर गेल्या. तिथे लग्न लावायला धवलेरी लागते आणि धवलेरी ही बाईच असते. ती गाते आणि गाता गाता लग्न लावते. त्या पाड्याची धवलेरी होती बुधी. तिने पदर खोचला, माझ्याकडे एकदा संशयाने पाहिले आणि गायला सुरुवात केली.

बाईंची एक सवय होती. सोबत कॅसेटी मोजक्याच असत. म्हणून तीच ओळ पुन्हा सुरू झाली की त्या पॉझचे बटण दाबत, वहीत ‘पुनरावृत्ती’ असे लिहीत आणि पुढची ओळ आली की बटण सोडत. त्यांना तसेच शिकवले होते. मीही निमूट थांबत असे. थांब म्हटले की थांबायचे, एवढेच मला येते.

प्रबंधाचे पुढे पुस्तक झाले. बाईंचा सत्कार झाला. पुस्तकात बुधीचा फोटो होता आणि त्याखाली ‘एक वारली गायिका’ असे छापले होते. त्यात काही चुकले आहे असे कोणालाच वाटले नाही. मला चर्चासत्रांत टेबलावर ठेवत, बुधीचा आवाज ऐकवत आणि लोक टाळ्या वाजवत. मग मोबाइल आले आणि मी माळ्यावर गेलो.

तीन वर्षांपूर्वी बाईंचे यजमान राजाभाऊ वारले. मुलगा अमेय इथे गॅस कंपनीत इंजिनिअर आहे, तो आईला घेऊन आला. बाईंनी मला आणि जुन्या कॅसेटींना साड्यांत गुंडाळून आणले.

“आई, हे कशाला?” सुनेने, नमिताने विचारले.

“असू दे,” बाई म्हणाल्या. का, ते त्यांनाही सांगता आले नसते. त्या दिवसभर खिडकीशी बसत आणि समोर आलेले जेवत. पूर्वीचा ताव कुठे गेला कोण जाणे. मी कपाटात होतो, त्या खिडकीत होत्या, फरक फारसा नव्हता.

या मार्चमध्ये नमिता त्यांना रक्तदाब तपासायला दवाखान्यात घेऊन गेली. तिथली नर्स मराठी निघाली. मराठी माणूस भेटला की गाव विचारायचे, ही खोड काही बाईंची सुटलेली नव्हती. नर्सचे नाव राणी. तिने त्याच पाड्याचे नाव सांगितले; ती बुधीची नात होती.

शुक्रवारच्या सुट्टीत राणी घरी आली.

“मॅडम, आजी दोन वर्षांमागं गेली. मे महिन्यात माझ्या बहिणीचं लग्न आहे. काकी गाईल, पण तिला मधलं येत नाही. आई शिकलीच नाही. आश्रमशाळेत हे गाणं म्हटलं की मार बसायचा. मध्ये सात बायांची नावं येतात, कोणी कोणाला शिकवलं त्यांची. ती घेतल्याशिवाय आजी हळद लागू द्यायची नाही. मला तीनच येतात.”

“माझ्याकडे सगळं आहे. पूर्ण,” बाई म्हणाल्या. कित्येक महिन्यांनी त्यांचा आवाज चढला होता.

त्याच दिवशी त्यांनी मला खालच्या गल्लीतल्या दुरुस्तीवाल्या बशीरकडे नेले. “बेल्ट पिघल गया है, आंटी,” तो म्हणाला आणि त्याने नवा बेल्ट घातला. संध्याकाळी मी दिवाणखान्यात मध्यभागी बसलो. नातू कैवल्य माझ्याभोवती फिरून म्हणाला, “आजी, व्हेअर इज द स्क्रीन?”

बुधी गाऊ लागली. राणी खाली जमिनीवर बसली. ‘कोणी शिकवले गं’ ही ओळ पहिल्या नावासह एकदा आली, पुन्हा सुरू झाली आणि टक् असा आवाज झाला. मग एकदम हळदीची ओळ आली.

“मागं घ्या ना,” राणी म्हणाली. तिने ते तीनदा ऐकले. “मॅडम, बाकीची नावं इथं होती.”

“मला वाटलं, तीच ओळ परत परत येतेय.”

“ओळ तीच येते. बाई दुसरी असते.”

नमिताने स्वयंपाकघरातून चहाचे विचारले.

“मीच गाळली ती,” बाई म्हणाल्या. “मला फार लाज वाटते गं.”

राणी रागावली असती तर बरे झाले असते. ती रागावली नाही. तिने कोरी कॅसेट आहे का विचारले. होती एक. राणी गायला बसली. तिला येत होती ती तीन नावे तिने घेतली. उरलेल्या चार वेळा ओळ म्हणून, नाव घ्यायला लागेल तेवढा वेळ ती गप्प राहिली. पहिल्यांदा ती गप्प झाली तेव्हा बाईंचे बोट आपसूक पॉझकडे गेले. त्यांनी ते मागे घेतले आणि दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. मी ते गप्प राहणेही भरून घेतले. लग्नात काकी तसेच गाणार आहे.

मित्रांनो, माझी धूळ पुसाल तर उपकार होतील, नाही पुसली तरी चालेल. पण तुमच्या घरी कोणी गात असेल, तर तिला मध्येच थांबवू नका. तिला तिचे नाव विचारा आणि शिकवणारीचेही विचारा. बुधीला रायबीने शिकवले, रायबीला काशीने, काशीला सोमीने. सोमीला कोणी शिकवले, ते बुधीने माझ्यासमोर सांगितले होते. तेव्हा मी थांबलेलो होतो.