कणगीमागचा हात

ज्वारीच्या कणगीच्या मागून एवढासा हात बाहेर आला, तसा बांगड्या भरणाऱ्या गफार मणेरानं तो धरला. उतू जाणारं भांडं फडक्यानं धरावं तसा, घाईनं पण अलगद. तेलाचं बोट मनगटावरून फिरवलं. हात थंडगार, आणि मूठ अशी आवळलेली की नखं तळव्यात रुतलेली.

“तर काय सांगत होतो, नसीम? निजामसरकारच्या हत्तिणीला बांगड्या भरायच्या, असा हुकूम सुटला. साऱ्या मुलखातले मणेर पळाले. तुझा हा दादा, बापाचा बाप तुझ्या, तेवढा पुढं झाला. हत्तीण असली लाजली, असली लाजली, की माहुताला घाम फुटला!”

मूठ तशीच आवळलेली राहिली.

नळदुर्गाच्या बाजूनं फौजा आल्या, निजामाचं राज्य गेलं, आणि त्या धामधुमीत एका दुपारी काही लोक दाराशी आले. हैदरला, म्हणजे गफारच्या पोराला, नसीमच्या बापाला, ‘जरा विचारायचंय’ म्हणून घेऊन गेले, तो पुन्हा दिसलाच नाही. तेव्हा आजीनं, अजीजाबीनं, आईवेगळ्या नसीमला कणगीमागं ढकललं होतं. ‘श्वाससुद्धा घेऊ नको,’ म्हणाली होती. लोक गेले, गावही निवलं, पण पोरगी त्या सांगण्यालाच धरून बसली. अंधार पडल्यावर आजीच्या पदराआड तेवढी परसात जाऊन यायची. बाहेर कुणी खोकललं तरी आत तिचे दात वाजू लागत. आत सरकवलेली भाकरी मुंग्या खात. आता तर ती पाण्यालाही तोंड लावीना.

“दवा पोटात गेली तर काम करंल,” हकीम म्हणाला होता. “आधी तिला बाहेर काढा. न्हायतर...” पुढचं तो दाढीतच बोलला.

बाहेर काढायचं कसं? ओढून पाहिलं, तर पोरगी डोळे फिरवून निपचित पडली. मंतरलेलं पाणी शिंपडून झालं, ताईत बांधून झाला. उरली होती गफारची जीभ. बांगड्या भरायचं त्याचं कसब हातात कमी नि तोंडात जास्त. बाई गोष्टीत गुंतली की पंजा सैल पडतो, तेवढ्यात काच हाडावरून उतरते, तिला कळतसुद्धा नाही. जन्मभर खोटं बोलून त्यानं खऱ्या बांगड्या विकल्या होत्या. हातात बांगड्या गेल्या, की त्या किणकिणतील. किणकिणल्या, की पोरगी हात उजेडात धरून बघेल. हाताच्या मागून पोरगीही येईल. म्हाताऱ्याचा हिशेब एवढाच होता.

शेजारच्या महालिंगप्पाची बायको शांताक्का आंबिलीची वाटी घेऊन आली. कडी वाजवली नाही. या घराची कडी वाजवायची नाही, हे गल्लीला आता ठाऊक होतं.

“मामा, हत्तिणीच्या पायात भरल्या म्हणायच्या का सोंडेत?”

“सोंडेत गं बाई. पायात बांगड्या घालत्यात व्हय कुणी?”

“मागच्या येळी पायात म्हणला होता.”

“मागच्या येळची हत्तीण निराळी. ती जरा येडी होती.”

कणगीमागं नाकातून फुस्स झालं. हसू होतं की काय, अल्ला जाणे. पण मूठ उकलली. शांताक्कानं पदर तोंडात कोंबला. गफारनं हिरवी बांगडी बोटांवरून चढवली, अंगठा आत दाबला, काच हाडाशी आली...

महालिंगप्पाच्या अंगणात लाकडावर कुऱ्हाड पडली.

मूठ मिटली, पंजा ताठरला, बांगडी कडकन फुटली. रक्ताची धार मनगटावरून कोपराकडं निघाली.

“अवो, ठेवा ती कुऱ्हाड!” शांताक्का ओरडतच बाहेर पळाली. “डोक्यात बी लाकूडच भरलंय का तुमच्या?”

गफारनं काचा वेचल्या, धोतराचा सोगा मनगटावर दाबला. हात अजून त्याच्याजवळच होता. आत दात वाजत होते, आणि मधूनच, कितीतरी दिवसांनी, शब्द आले.

“दादा, ते लोक परत येनार?”

गफारचं तोंड उघडलं. विहिरीत पडले, वाघानं नेले, हत्तिणीनं सोंडेत धरून पार हैदराबादेला फेकले. सगळं जिभेवर तयार होतं. त्यानं तोंड मिटलं.

“माहीत न्हाय, बेटा.”

“तुमाला बी भ्या वाटतं?”

“लई.”

हात सैल पडला. इतका सैल, की कुठल्याही मणेरानं एका दमात कोपरापर्यंत चुडा भरला असता. बांगड्यांची माळ गुडघ्याशीच होती. गफारनं तिला हात लावला नाही.

“मग आत या की,” पोरगी कुजबुजली. “जागा हाय.”

आत सरकण्याचा आवाज झाला. तू बाहेर ये, असं म्हणायला पाहिजे होतं. गफारनं डोक्याचा पटका काढून ठेवला आणि कणगी नि भिंत यांच्या फटीत खांदा घातला. आत ज्वारीची धूळ होती. एक बारकं, हाडांचं अंग त्याच्या बरगड्यांना येऊन चिकटलं.

अजीजाबी घागर घेऊन आली.

“अवो, आंबील तशीच हाय की! पोर निघाली का? कुठं गेलात?”

ओ द्यायला त्यानं मान वर केली, तोच पोरीचा रक्तानं चिकट झालेला तळवा त्याच्या तोंडावर आला.

“अवो!” पावलं कणगीकडं येऊ लागली.

गफारनं बाहेर राहिलेला पाय हळूच आत ओढून घेतला.