दोरा कुणाच्या हातात होता?

सोलापुरातली गड्ड्याची जत्रा उठून आठ दिवस झाले होते, तरी शुक्रवार पेठेतल्या सिद्धम्माच्या अंगणात त्या रविवारी जत्रेइतकीच दाटी होती. अक्कलकोटकडचे कल्लप्पा महाराज आले होते. त्यांचा दोऱ्याला टांगलेला रुद्राक्षाचा मणी चोराच्या नावावर फिरतो, अशी ख्याती होती.

सिद्धम्माची बोरमाळ संक्रांतीपासून नाहीशी झाली होती. घरात राहणाऱ्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या सात जणांची नावे सात चिठ्ठ्यांवर लिहून त्या पाटावर उघड्या मांडल्या होत्या.

"मी मण्याला शिवणारसुद्धा नाही," महाराज म्हणाले. "उद्या कुणी म्हणेल, कल्लप्पानं हलवला. दोरा सूनबाईंनी धरावा. एम. ए. झालेल्या हायत. शिकलेल्या हाताला मणी लवकर वश होतो!"

लोक हसले. सिद्धम्माची सून दाक्षायणी, तिलाही मनातून बरे वाटले. ती अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवत असे. खोटे असेल तर आपल्या हातात ते उघडे पडेलच, असा तिचा हिशेब होता. तिने दोरा दोन बोटांत धरला, कोपर हवेत ठेवले, हात अगदी स्थिर केला.

पहिल्या चिठ्ठीवर मणी गप्प राहिला. दुसरीवर गप्प. तिसऱ्या चिठ्ठीवर त्याने अंग हलवले, मग झोका घेतला, मग वाटीएवढे वर्तुळ धरून गरगर फिरू लागला. दाक्षायणीच्या अंगावर काटा आला. ती शपथेवर सांगू शकली असती की तिचा हात हलला नव्हता.

तिसऱ्या चिठ्ठीवर नाव होते केराबाईचे.

केराबाई सांगोल्याकडची. दुष्काळात मेंढरे गेली, तेव्हा शहरात आली आणि त्या आळीतल्या चार घरची भांडी घासू लागली. सिद्धम्माने तिला त्याच दिवशी उंबऱ्याबाहेर काढले. संध्याकाळपर्यंत उरलेल्या तिन्ही घरांची दारे बंद झाली. दाक्षायणीने कुणाला अडवले नाही. मणी तिच्याच हातात फिरला होता.

चौथ्या दिवशी केराबाई विद्यालयाच्या फाटकाशी उभी राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हते.

"बाई, येक इचारू? त्यो मणी वाचतो व्हय?"

"म्हणजे?"

"चिठ्ठीवरचं नाव त्येला कळलं कसं? मला न्हाय वाचता येत, म्हून इचारती. तुमाला येतंय. मण्याला कुटं येतंय?"

केराबाई एक पाऊल पुढे आली.

"चिठ्ठ्या झाकून फिरवा की एकडाव. तरीबी माज्यावरच फिरला, तर मी सोलापूर सोडती."

ती गेली. दाक्षायणी वर्गात शिरली, टेबलावरची टिपणवही उघडली आणि तिचा चेहरा तापला. दोऱ्याला टांगलेली वस्तू धरली, की मनातल्या अपेक्षेच्या दिशेने बोटांचे स्नायू अतिसूक्ष्म हालतात. धरणाऱ्याला ते जाणवत नाही. दोऱ्याच्या टोकाला मात्र ती हालचाल साठत जाऊन मोठी होते. हे तिच्याच अक्षरात लिहिलेले होते. गेल्या वर्षी तिने यावर दहा गुणांचा प्रश्नही घातला होता. पाच वर्षे शिकवलेला धडा तिला अंगणात आठवला नव्हता. भांडी घासणाऱ्या बाईने मात्र न शिकता नेमका तोच प्रश्न विचारला होता.

पुढच्या रविवारी महाराज दुसऱ्या कुणाची गाय शोधायला पेठेत आले, तेव्हा दाक्षायणीने त्यांना अंगणात बोलावले. लोक जमलेच, केराबाईही आली. दाक्षायणीच्या सांगण्यावरून शेजारच्या हेमावतीने घरात बसून नव्या चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घातल्या आणि पाटावर मांडल्या. त्यांत काय लिहिले आहे ते दाक्षायणीला ठाऊक नव्हते.

"ही तिसरी केराबाईची," हेमावती मोठ्याने म्हणाली.

दाक्षायणीने दोरा धरला. खरे काय घडते हे आता तिला माहीत होते. तरीही तिसऱ्या घडीवर मणी हलला आणि फिरला, मागच्या वेळेइतकाच जोरात.

"बघा, बघा!" महाराज गरजले. "देव दोनदा खोटं बोलत नसतो!"

हेमावतीने घडी उलगडून वाचले, "वरवंटा."

क्षणभर कुणाला कळलेच नाही. मग मागून एक म्हातारा म्हणाला, "धरा की वरवंट्याला! पळून जाईल!" अंगणात हशा पिकला. केराबाईची चिठ्ठी खरे तर पहिली होती; हेमावतीने मुद्दाम तिसरी सांगितली होती. तिच्यावर मणी निपचित होता.

"अविश्वासानं मण्याचं तेज गेलं," म्हणत महाराजांनी झोळी उचलली.

"तेज नाही गेलं," दाक्षायणी म्हणाली. "आज हेमावतीनं सांगितलं तिथं फिरला. त्या दिवशी मला वाटलं होतं तिथं फिरला. हात माझाच होता. संशयही माझाच होता."

सिद्धम्मा चिडली. "मणी चुकला म्हणून हिनं घेतली नाही, असं कुठं ठरतं ग?"

"आत्याबाई, घेतली असं तरी कशावरून ठरलं होतं? त्या सात चिठ्ठ्यांत तुमचं, माझं, हेमावतीचंही नाव होतं. माझ्या मनात आलं ते एकट्या केराबाईंचंच, कारण त्या भांडी घासतात." ती केराबाईकडे वळली. "केराबाई, मी तुमच्यावर आळ घेतला. चार घरांसमोर घेतला, म्हणून चार घरांसमोर सांगते."

हसणे थांबले. काही बायकांनी मान खाली घातली.

"उद्यापासून या," दाक्षायणी म्हणाली.

"त्या तीन घरी जाईन की," केराबाई म्हणाली. "तुमच्या घरी नगं, बाई. तितं वाटी जरी हरवली, तरी तुमी आदी माज्याकडं बघशीला. मुद्दाम न्हाय. आपसूक."

ती निघून गेली.

होळीच्या सुमारास जोंधळ्याची कणगी तळाला लागली, तेव्हा बोरमाळ वर आली. जत्रेच्या गर्दीत चोरीला जाईल, म्हणून सिद्धम्मानेच ती जोंधळ्यात पुरली होती आणि विसरली होती.

दाक्षायणी बोरमाळ घेऊन केराबाईच्या झोपडीपर्यंत गेली आणि दारातूनच परतली. माळ दाखवून काय सिद्ध होणार होते? जे सिद्ध व्हायचे, ते माळ सापडण्याआधीच झाले होते.

आता दरवर्षी हा धडा आला, की ती भावी शिक्षकांसमोर दोरा टांगते आणि आधी स्वतःची गोष्ट सांगते. मग एवढेच म्हणते: कुणीही चमत्कार दाखवला, तर दाखवणाऱ्याचे हात पाहाच, पण त्याहून आधी स्वतःचे पाहा. चिठ्ठी झाका, डोळे बांधा, पुन्हा करून बघा. एवढी तसदी घ्यायची नसेल, तर निदान कुणाचे नाव घेऊ नका.