बाराच्या घंटेला थांबलेले घड्याळ

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे, पण किती वाजले हे मला विचारू नका. मी बुद्धिबळाचे घड्याळ. मला दोन तबकड्या आहेत, प्रत्येक खेळाडूला एक. चाल करून आपला खटका दाबला की आपली बाजू थांबते आणि समोरच्याची धावू लागते. डावभर माझा एक भाग कामावरच असतो.

नवे होते तेव्हा माझे लाकूड चकाकत असे. नंदाखाल गावच्या बुद्धिबळ क्लबात सगळे मलाच मागत. मग बॅटरीवरची घड्याळे आली आणि मी कपाटात गेले, कॅरमच्या फुटक्या सोंगट्यांशेजारी.

गेल्या रविवारी चर्चच्या सभागृहात महिलांची जलद स्पर्धा होती. एक नवे घड्याळ बंद पडले, म्हणून शेवटच्या फेरीला मला बाहेर काढले.

"म्हातारं आहे, पोरींनो. हळू मारा," पंच बेसिल सर म्हणाले.

होळी गावची अक्षया विरुद्ध भुईगावची प्रिस्का. जिंकेल तिला जिल्हा संघात जागा. अक्षयाने राजासमोरचे प्यादे दोन घरे सरकवले, प्रिस्काने सिसिलियन बचाव मांडला. चाली पाठ होत्या, खटके धडाधड पडत होते. मग अक्षयाने एक प्यादे फुकट देऊ केले. प्रिस्काने ते खाल्ले आणि अडकली. तिची वेळ झरत गेली.

अखेर तिने चाल केली, तोच चर्चमध्ये बाराच्या प्रार्थनेची घंटा झाली. प्रिस्काने डोळे मिटून हात जोडले. खटका दाबायचा राहिला आणि तिचीच बाजू धावत राहिली. जिंकायला अक्षयाने फक्त गप्प बसायचे होते. पण तिने माझे दोन्ही खटके एका पातळीत आणले. मी थांबले.

"घड्याळाला हात का लावलास?" सरांनी विचारले.

"सर, तिची प्रार्थना चाललीय."

"मग मला बोलवायचं."

अक्षयाला दंड म्हणून प्रिस्काला दोन मिनिटे वाढवून मिळाली. अक्षयाचा डाव वरचढ होता, पण मात शोधण्यात तिची वेळ गेली; वेळ संपल्याची लाल झेंडी तिचीच आधी पडली आणि ती हरली.

"मला हाक मारायचीस ना, वेडे," प्रिस्का म्हणाली.

"आमचे शेजारी सगळे तुमच्याच धर्माचे. त्यांच्या प्रार्थनेत कुणाला हाक मारली की मला घरी फटका बसायचा."

प्रिस्काने ते खाल्लेले प्यादे उचलून तिच्यापुढे ठेवले.

"जिल्ह्याला ते प्यादं खाऊ नकोस मात्र," अक्षया म्हणाली.

मी पुन्हा कपाटात आले. ठेवताना खटके सारखे करायचे कुणाच्या लक्षात आले नाही. चावी संपेपर्यंत अक्षयाची बाजू अंधारात चालत राहिली. मित्रांनो, आम्हाला ठेवताना दोन्ही खटके सारखे करा. चालू डावात मला विसावा दिला तो एकाच मुलीने, आणि तिची जागा गेली.